वडिलांना जठराचा कर्करोग होता, आम्ही काय तपासावे?

प्रश्न : वडिलांना ५८व्या वर्षी जठराचा कर्करोग झाला. मी ३६ वर्षांचा, तक्रार काही नाही. धाकटा भाऊ आम्लपित्तासाठी रोज गोळी घेतो. आम्हालाही हा आजार होणारच का?

उत्तर : होणारच, असे मुळीच नाही. आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार असल्यास धोका साधारण दोन ते तीन पट होतो. पण सगळा दोष जनुकांचा नाही. एकाच घरात वाढलेल्यांना या कर्करोगाचा धोका वाढवणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतूही वारशासारखाच मिळतो, बहुधा लहानपणी. हा वारसा मात्र औषधाने काढता येतो.

दोघांनीही श्वासाची (यूरिया ब्रेथ टेस्ट) किंवा शौचाची अँटिजेन (जंतूचे अंश शोधणारी) तपासणी करावी. रक्तातली अँटीबॉडी तपासणी नको. जंतू गेल्यावरही ती पॉझिटिव्ह राहू शकते. गफलत होते ती भावासारख्यांची : पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असताना तपासले, तर जंतू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. डॉक्टरांना विचारून ही गोळी दोन आठवडे आधी थांबवावी. अँटिबायोटिक घेतले असेल तर चार आठवडे जाऊ द्यावेत. जंतू सापडल्यास उपचार सहसा १४ दिवसांचा. संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी. नेमकी हीच अनेक जण टाळतात.

वडिलांचा बायोप्सी अहवाल शोधून काढा. त्यात ‘डिफ्यूज’ किंवा ‘सिग्नेट रिंग’ लिहिले असेल आणि घरात आणखी कुणाला जठराचा किंवा स्तनाचा लोब्युलर (दूधग्रंथींत सुरू होणारा) कर्करोग झाला असेल, तर सीडीएच१ या जनुकातला वंशागत दोष शोधणाऱ्या चाचणीसाठी जनुकीय सल्लागाराला भेटा. या प्रकारात पेशी अस्तराखाली विखुरतात, एंडोस्कोपीही (दुर्बिणीची तपासणी) चकू शकते.