पणजोबांचा डवरा

प्रिय बाबू,

तुझा लेख वाचला. "सर, सगळं खरं लिहिलं, तरी वाचवत नाही," असं तू म्हणतोस. वाचवत नाही हे तुझं तुला कळलं, एवढ्यानं माझा अर्धा राग गेला. उरलेला या पत्रात.

'चले जाव' चळवळीतला चिमूरचा १६ ऑगस्ट १९४२ तू नीट मांडलास. तुकडोजी महाराजांची भजनं, मोर्चा, गोळीबार, बालाजी रायपूरकरचं बलिदान, मग फौजेनं बायकांवर केलेले अत्याचार आणि त्यांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे अनुयायी भन्साळींनी धरलेला ६३ दिवसांचा उपास. आणि शेवटी काय, तर 'यातून आपल्याला त्यागाची शिकवण मिळते'! अरे, फळ्यावरचा सुविचार आहे का हा? त्या दिवशी तुझं घर कुठं होतं? हे विचारल्याशिवाय लेखणी उचलूच नको.

बरं, घर तर तुझ्याच लेखात आहे. एका ओळीत उरकलंस: 'माझे पणजोबा त्या दिवशी वावरात डवऱ्यावर होते.' बाबू, त्या दिवशी नागपंचमी होती. आपल्याकडं नागपंचमीला डवरा, म्हणजे पिकातलं तण काढायचं बैलांचं औत, जुंपतं कोण? चुलीवर तवा चढत नाही, विळा लागत नाही, मातीला हात लावत नाहीत. मग पणजोबा होते कुठं? मोर्चात होते, आणि धरपकड सुरू झाल्यावर घरच्यांनी डवरा पुढं केला? की दाराला कडी लावून आत बसले, आणि ते सांगायची लाज वाटली? कदाचित कधीच कळणार नाही. पण तीन पिढ्या एक वाक्य सांभाळतात, ते उगाच नाही. मोर्चा सगळ्यांनी लिहिलाय. तू डवरा लिही. मग स्वतःला विचार, गावात आज कोणत्या गोष्टीला मी 'वावरात होतो' म्हणून मोकळा होतो? ग्रामसभेला? भावकीच्या वाटणीत कोणा बहिणीचं नाव गळलं तेव्हा?

घर कुठं होतं, हे मी आज सुचलं म्हणून विचारत नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या कापसाचे भाव कडाडले. युद्ध संपलं तसे कोसळले. त्यावर लिहिताना मी आमचं घर आणलं होतं. भाव चढेल म्हणून बाबांनी बैठकीत आढ्यापर्यंत भरलेला कापूस, त्यावर झोपणारी आम्ही भावंडं, रात्रभर अंगाला खाज, आणि आईचं रोजचं, "आज तरी बंडी जुंपता का?" संपादकांनी नेमकं तेवढंच कापलं. म्हणाले, इतिहासाच्या लेखात तुमच्या घरची खाज कशाला? तो अंक मी घरात ठेवला नाही. हट्टी म्हण, चालेल. पण बाबा कोणाच्या भरवशावर थांबले होते, हा प्रश्न मला त्या १८६५ नंच सुचवला. तोवर बाबा राहिले नव्हते. संपादकांना हे कोण समजावणार!

तुझी आजी अजून आहे. दिवाळी अंकाची मुदत गेली तर जाऊ दे, आधी तिच्याजवळ जाऊन बस. थेट चिमूर काढू नको, ती गप्प होईल. तिच्यासोबत भाजी निवड, नागपंचमीला पूर्वी काय रांधायचे तिथून सुरू कर. काका मधेच म्हणेल, जुनं कशाला उकरतो. माझं नाव सांग. तसाही तो माझ्याशी बोलत नाही.

तुझा,
सर