मिरजेच्या शूटिंगआधी

प्रिय,

तुझी फिल्मची एक्सरसाइज पाहिली, मग आवाज बंद करून पुन्हा पाहिली. सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे सौदे तू मनापासून टिपलेत. राशींनी अख्खी फ्रेम भरली तरी पिवळा रंग निळसर पडला नाही, म्हणजे व्हाइट बॅलन्स ऑटोवर न सोडता उन्हाप्रमाणे पक्का केला होतास. पहिल्या फिल्मला हे भान सहसा नसतं. हमालाच्या पाठीवरच्या पोत्यामागून कॅमेरा गर्दीत शिरतो, तो शॉट तर फारच आवडला.

खटकलं ते एवढंच. व्यापारी हळकुंड मोडतो आणि तू तिथेच कट करतेस. आत रंग कसा निघाला, त्याचा चेहरा काय म्हणाला, भाव चढला की तिथेच अडला, हे मला पाहायचं होतं. हात आहेत, धूळ आहे, चेहरे आहेत. पण पुकारा सुरू झाल्यापासून भाव ठरेपर्यंत एकही सौदा पुरता दिसत नाही. तीन मिनिटं, एक जागा, संवाद नाहीत, एवढ्या अटींत ते खपून गेलं. फायनल दहा मिनिटांची आहे. तिथे नुसत्या देखण्या शॉटवर निभाव लागणार नाही. एक काम सुरू होताना, अडताना आणि तडीला जाताना दिसलं पाहिजे.

आता मिरजेच्या सतारीचा तुझा आराखडा. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली, गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, पंढरपूरकडून भोपळे येतात, २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, नवी मुलं या कामात कमी येतात. सगळं खरं आहे आणि सगळंच तुला सांगायचंय, हेही समजतं. पण दहा मिनिटांत हे सगळं कोंबलंस तर निवेदन बोलत राहील आणि चित्रं त्याच्यामागे फरफटत जातील. मी तुझ्या जागी असतो तर त्यातली एकच गोष्ट धरली असती, जी आराखड्यात तू एका ओळीत उरकली आहेस: जवारी.

तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याला अगदी किंचित बाक असतो. तार त्याला निसटती शिवत राहते, म्हणून छेडलेला सूर लगेच विझत नाही, पसरत जातो. हीच जवारी. वाजवून वाजवून तिथे चरे पडले की सूर बसतो आणि सतार कारागिराकडे येते. तो घोडी काढतो, कानस फिरवतो, पॉलिश पेपरनं घासतो, परत तारांखाली बसवतो, छेडतो, ऐकतो. मनासारखं नसेल तर पुन्हा काढतो. यातच तुझी सोय आहे. ‘चाचा, परत एकदा करून दाखवा’ असं म्हणायची वेळच येणार नाही, जवारी लागेपर्यंत ते आपणहून करत राहतील. पहिल्या खेपेला पूर्ण वाइड घे, मध्ये कॅमेरा बंद करू नकोस. पुढच्या खेपेला कानस आणि बोटं, त्याच्या पुढच्या खेपेला फक्त चेहरा. कॅमेरा मात्र त्यांच्या एकाच बाजूला ठेव, नाहीतर एडिटला बसल्यावर हात एकीकडे आणि नजर भलतीकडे जाईल.

आवाजाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ही फिल्म आवाजाचीच आहे. जवारी लागण्याआधीचा आणि नंतरचा सूर यातला फरक प्रेक्षकाच्या कानाला कळला नाही, तर बाकी सगळी मेहनत फुकट गेली. रेकॉर्डरचा ऑटो गेन बंद कर. तो हळू सूर वर उचलतो, मोठा दाबतो आणि नेमका फरकच पुसून टाकतो. माइक एका जागी, एका अंतरावर ठेव. लेव्हल सुरुवातीला लाव आणि काम संपेपर्यंत हलवू नकोस. हेडफोन कानावरून काढायचा नाही. फॅन बंद करायची परवानगी आधी माग आणि टेक झाला की आठवणीनं लाव, ती माणसं दिवसभर तिथे बसतात. निघण्यापूर्वी सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसता खोलीचा आवाज घे. दोन कटांच्या मधली पोकळी त्यानंच भरते. ट्यूबलाइट असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० ठेवलंस तर चित्रात पट्टे सरकायची धास्ती.

चाचा सूर ऐकत असताना प्रश्न विचारू नकोस. तार छेडून झाली की माणूस क्षणभर कुठेच पाहत नाही. तिथे कट करायला हात शिवशिवेल, करू नकोस. हळकुंडापाशी जे निसटलं ते इथे मिळणार आहे. मुलाखत काम संपल्यावर, चहा घेताना.

शूटिंगच्या रात्रीच कार्डाच्या दोन कॉपी कर, दोन वेगळ्या ड्राइव्हवर. रफ कट झाला की सतारीशी कधी संबंध न आलेल्या एखाद्याला बसवून दाखव. फिल्म संपल्यावर ‘कशी वाटली’ असं विचारू नकोस, ‘सूर कुठे बदलला’ असं विचार. त्याला सांगता आलं नाही तर एडिटला परत बस. सांगता आलं तर चाचांना नेऊन दाखव, आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझे सर