हेड कोच गेला की बाकीच्यांचं काय?

‘मावशीला विचारा’ या सदरात उत्तरं देणाऱ्या मावशी ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात पगार आणि करारांचं काम बघून निवृत्त झाल्या. या अंकासाठी निवडलेली पत्रं अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या नोकरीबद्दलची आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मावशी, मुलानं इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि फुटबॉल कोचिंगचा ध्यास धरला. आधी ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे पुढचं शिक्षण घेत हाताखाली काम करणारा कोच, म्हणून राबला. आता ओहायोतल्याच, मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधल्या (आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) एका विद्यापीठाकडून लाइनबॅकर्सचा, म्हणजे बचावातल्या खेळाडूंचा, कोच म्हणून पूर्ण वेळ नोकरीची ऑफर आली आहे. पगार त्याच्या वर्गमित्रांच्या निम्माही नाही. तिथल्या हेड कोचची खुर्ची डळमळते आहे असं कानावर येतं. सून गरोदर आहे. त्याला नको म्हणू का? – एक आई, क्लीव्हलँडजवळून

उत्तर : ताई, नको म्हणून काही उपयोग होणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यापेक्षा ते ऑफर लेटर मागून घ्या आणि सुनेला शेजारी बसवून वाचा. पगाराचा आकडा सोडून द्या, तो फारसा हलणार नाही. करार कोणत्या तारखेला संपतो ते आधी शोधा.

या धंद्याचं कॅलेंडर विचित्र आहे. नोव्हेंबरात मिड-अमेरिकन कॉन्फरन्सवाले टीव्हीच्या सोयीसाठी मंगळवार-बुधवारी रात्री कुडकुडत खेळतात. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आसपास शेवटची मॅच होते, आणि हेड कोचला काढायचं असेल तर ते त्यानंतर लगेच होतं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत नवा हेड कोच येतो, आणि येताना स्वतःची माणसं घेऊन येतो. जुन्या असिस्टंटांपैकी एखाददुसरा राहतो, बाकीच्यांना निरोपाचा नारळ. आता तुमच्या मुलाचा करार ३० जूनपर्यंत असेल, तर पगार आणि विमा साधारणपणे जूनपर्यंत चालतो. ३१ जानेवारीपर्यंतच असेल, किंवा ‘विद्यापीठाच्या मर्जीनुसार’ असं काही त्यात असेल, तर कौटुंबिक विमा त्या महिनाअखेरीलाच संपू शकतो. घरात बाळ येणार असताना ही तारीख पगारातल्या पाच हजार डॉलरहून मोठी आहे. विमा संपल्यावर ‘कोब्रा’ नावाच्या कायद्याखाली तोच विमा दीड वर्षापर्यंत चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आपल्या खिशातून, वर दोन टक्के. बिनपगारी माणसाला तो हप्ता बघूनच घाम फुटतो.

माझ्या टेबलासमोरचा डिसेंबर कसा असे, सांगते. समोर बसलेल्या कोचच्या अंगात विद्यापीठाचं जॅकेट, खिशातला फोन वाजतोय, कारण त्यानं टीममध्ये घ्यायला गाठलेल्या एखाद्या हायस्कूलच्या पोराच्या वडिलांना अजून बातमी कळलेली नाही. मी त्याच्याकडून ऑफिसच्या चाव्या घेते, लॅपटॉप घेते, आणि डीलरनं विभागाला वापरायला दिलेल्या गाडीची किल्लीही घेते. मग त्याला घरी न्यायला बायकोला दुसरी गाडी घेऊन यावं लागतं. मुलं मागच्या सीटवर. (त्या गाडीच्या खासगी वापरावर वर्षभर त्याच्याकडून करही कापलेला असतो. फुकट गाडी म्हणून कोणी हुरळून जाऊ नये.)

पेन्शनचा मुद्दा तर कोणी सांगतच नाही. ओहायोत सरकारी विद्यापीठाच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जात नाही. त्याऐवजी राज्याच्या पेन्शन योजनेत, म्हणजे ‘ओपर्स’मध्ये, पगाराचे १० टक्के जातात आणि विद्यापीठ १४ टक्के भरतं. गोम अशी की पाच वर्षं व्हायच्या आत सोडून गेलात, तर आपले पैसे थोड्या व्याजासह परत मिळतात, विद्यापीठाच्या वाट्यावर पाणी. असिस्टंट कोच एका जागी पाच वर्षं टिकतो कुठे? अशांसाठी पर्यायी निवृत्ती योजना आहे, तिचं खातं आपल्यासोबत पुढच्या गावी नेता येतं. पण ती निवडायला रुजू झाल्यापासून १२० दिवस मिळतात. मुदत टळली की आपोआप ओपर्स, आणि ती नोकरी असेपर्यंत निर्णय बदलता येत नाही. नवा कोच ते १२० दिवस मैदानावर आणि रिक्रूटिंगच्या, म्हणजे नवे खेळाडू शोधत फिरण्याच्या, गाडीत घालवतो. फॉर्मची आठवण सुनेनं ठेवावी.

घर हलवण्याचा खर्च ‘आम्ही देऊ’ म्हणाले, तर तोही नीट विचारा. २०१८ पासून ती रक्कम करपात्र पगारात धरली जाते, म्हणजे पाच हजार म्हणाले तर पाच हजार हातात पडत नाहीत. ‘कर आम्ही भरू’ असं लिहून देणारी विद्यापीठं आहेत, पण मागितल्याशिवाय कोण देतो? आणि त्यानं स्वतःहून मुदतीआधी नोकरी सोडली तर काही परत करावं लागतं का, हे कलम शोधा. लहान कॉलेजं ते हल्ली घालायला लागली आहेत.

मूळ प्रश्न राहिला, यात भवितव्य आहे का. तुमच्याच राज्यातल्या अलायन्स गावी माउंट युनियन नावाचं छोटं कॉलेज आहे, तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या, डिव्हिजनचं, जिथे खेळासाठी स्कॉलरशिपसुद्धा नसते. तिथे खेळलेला आणि तिथेच कोचिंगला सुरुवात केलेला निक सिरियानी पुढे पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या इंडियाना विद्यापीठात रिसीव्हर्सचा कोच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो हेड कोच असलेल्या फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक टीमनं सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची अंतिम मॅच, जिंकली. पण त्याच पायऱ्यांवर बसून राहिलेल्या, नाव कोणाला ठाऊक नसलेल्या माणसांचे फॉर्म मी भरले आहेत. दर जानेवारीत कोचेसचं अधिवेशन भरतं, तेव्हा हॉटेलच्या लॉबीत पोलो शर्ट घालून, ओळखीचा चेहरा शोधत उभे असतात ते हेच. मुलाला दोन-तीन हंगाम द्या. तेवढ्यात त्याचा त्यालाच अंदाज येतो.

प्रश्न : मावशी, मी ॲपलॅचन स्टेट विद्यापीठाच्या टीमचा चाहता. २०२२ मध्ये आम्ही टेक्सस ए अँड एमला त्यांच्या घरात हरवलं, वर पाहुणे म्हणून खेळायला गेल्याचे १५ लाख डॉलरही मिळाले. तरी चांगले कोच टिकत नाहीत. पैसा जातो कुठे? – एक वाचक, शार्लट

उत्तर : दादा, तुमच्या शाळेनं (इथे विद्यापीठालाही शाळाच म्हणतात) हे काम दुसऱ्यांदा केलं, त्याबद्दल आधी नमस्कार. २००७ साली मिशिगनला ३४-३२ हरवून चार लाख डॉलर घेऊन आलेली शाळा तुमचीच. तेव्हा आमच्या कॉन्फरन्समध्ये असलेल्या नॉर्दर्न इलिनॉयनं सप्टेंबर २०२४ मध्ये नोत्र दामला १६-१४ हरवलं, तेव्हा त्यांना १४ लाख मिळाले होते. आमच्या घरात तेव्हा यजमानांनी शेजाऱ्यांना चहाला बोलावलं होतं.

पण तो चेक फुटबॉलच्या खात्यात राहत नाही. व्हॉलीबॉलच्या बसपासून इतर खेळांच्या स्कॉलरशिपपर्यंत सगळं त्यातून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून चालतं. शिवाय मोठ्या शाळेशी पगारात टक्कर द्यायची म्हणजे काय, ते बघा. लुइझियाना स्टेटनं २०१८ मध्ये डेव्ह अरांडाला डिफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचा प्रमुख, म्हणून चार वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार दिला. तो असिस्टंटच होता बरं का. त्याच्या एका वर्षाच्या पगारात तुमचा तो १५ लाखांचा चेक बुडून जातो.

२०२४ च्या सुरुवातीला तर कमाल झाली. केन वॉमॅक साउथ अलाबामाचा हेड कोच होता, मोरीस लिंग्विस्ट बफलोचा. दोघंही हेड कोचची खुर्ची सोडून अलाबामा विद्यापीठात असिस्टंट म्हणून गेले. जॉर्जिया स्टेटचा शॉन एलियट तसाच साउथ कॅरोलायनात टाइट एंड्सचा कोच म्हणून गेला. चांगलं चालतं घर सोडून दुसऱ्याच्या वाड्यात भाडेकरू व्हावं, तसं. कारण पगाराइतकंच ट्रान्सफर पोर्टलचंही, म्हणजे शाळा बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीचंही, आहे. लहान शाळेत वर्षभर घडवलेला खेळाडू हंगाम संपला की मोठ्या शाळेत जातो, आणि जानेवारीत पुन्हा पाटी कोरी. माणूस कंटाळतो.

त्यात जून २०२४ पासून मैदानावर शिकवणाऱ्या कोचेसच्या संख्येवरची मर्यादा उठली. बाहेर जाऊन रिक्रूटिंग करायला अजून हेड कोच धरून अकराच चालतात, पण सरावात कितीही जण शिकवू शकतात. म्हणजे मोठ्या शाळेला तुमचा को-ऑर्डिनेटर ‘ॲनालिस्ट’ म्हणून उचलायलाही आता अडचण नाही. १ जुलै २०२५ पासून शाळा खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी वरची हद्द दोन कोटी पाच लाख डॉलर. लहान शाळा तिथवर पोचत नाहीत, पण थोडं तरी द्यावंच लागतं, आणि ते कोचेसच्या वाट्यातून जाण्याची भीती मला जास्त वाटते.

मग टिकतात कोणाकडे? हेड कोच लान्स लायपोल्ड बघा. विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर या तिसऱ्या डिव्हिजनच्या शाळेत त्यानं सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, २०१५ मध्ये बफलोला गेला, २०२१ मध्ये कॅन्ससला. ब्रायन बोरलंड हा त्याचा डिफेन्सचा माणूस तिन्ही ठिकाणी त्याच्यासोबत, २०२४ चा हंगाम संपेपर्यंत. अँडी कोटेलनिकी व्हाइटवॉटरपासून बरोबर होता, तो २०२३ अखेरीला पेन स्टेटला गेला. म्हणजे निष्ठा असते, पण ती हेड कोचशी असते. तो गेला की बफलोसारख्या शाळेचं अख्खं घर एका रात्रीत रिकामं. तुमच्याकडेही हेड कोच सॅटरफील्ड २०१८ अखेरीला लुइव्हिलला आणि ड्रिंकविट्झ एकाच हंगामानंतर मिझुरीला गेला, तेव्हा हेच झालं.

मला विचाराल तर लहान शाळेनं दहाही असिस्टंटांचा पगार चिमूटभर वाढवू नये. तो वाढलेला कोणाला कळतही नाही. दोन को-ऑर्डिनेटरांना दोन वर्षांचे करार द्यावेत आणि टिकून राहण्याचा बोनस मार्चच्या पगारात द्यावा. डिसेंबरात दिला तर माणूस तो घेऊन जानेवारीत जातो, हे मी स्वतः चेक काढून पाहिलं आहे. क्रीडा संचालक म्हणतात, ‘हेड कोच काढला तर घरी बसलेल्याला पगार द्यावा लागेल.’ लागेल. पण नवी नोकरी मिळाली की तिथला पगार वजा करण्याचं कलम घालता येतं, आणि कोच बदलला की त्याच्यामागे पोर्टलमध्ये जाणारे खेळाडू कोणत्या रकान्यात मांडता, हे मी विचारलं की त्यांच्याकडे उत्तर नसे. तरी हेड कोचलाच मोठी शाळा घेऊन गेली, तर यातलं निम्मं फुकट जाईल, हे कबूल.

प्रश्न : नवरा तिसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजात ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच आहे. वसंतात ॲथलेटिक्समध्ये गोळाफेकही शिकवतो, एक व्यायामाचा वर्ग घेतो, वर खेळाडूंचे कपडे धुतो. ताशी हिशेब केला तर बर्गरच्या दुकानातलं पोरगं जास्त कमावतं. ओव्हरटाइम मिळत नाही का? – एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : बहुधा नाही. केंद्राच्या कामगार कायद्यात शिक्षकाला ओव्हरटाइम नाही आणि किमान पगाराची रेघही नाही. खेळाडूंना खेळ शिकवणं हेच मुख्य काम असेल, तर कोच शिक्षकांत धरला जातो. मात्र त्याचा बहुतेक वेळ रिक्रूटिंगमध्ये किंवा अंगमेहनतीत जात असेल, तर तो शिक्षक नाही. मग वर्षाला ३५,५६८ डॉलरच्या खाली पगार असेल तर ओव्हरटाइमचा हक्क लागू होतो. ही रेघ २०२४ मध्ये वाढवून ४३,८८८ केली होती, पुढे ५८,६५६ होणार होती, पण नोव्हेंबरात टेक्ससच्या न्यायालयानं तो नियमच रद्द केला. तेव्हा हंगामाबाहेरच्या तासांची वही ठेवायला लावा. कपडे धुतल्याचे तासही लिहायचे.

कोचेस कधीच जिंकले नाहीत असं मात्र नाही. १९९० च्या दशकात पहिल्या डिव्हिजनमध्ये फुटबॉल सोडून इतर खेळांत एका असिस्टंटला वर्षाला १२,००० आणि उन्हाळ्यात आणखी ४,००० डॉलरच द्यायचे, असा कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा नियम होता. बास्केटबॉलचे कोच कोर्टात गेले, नियम बेकायदा ठरला, आणि १९९९ मध्ये एनसीएएनं ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड केली.

प्रश्न : नागपूरहून एमएस करायला येतोय, एफ-१ व्हिसावर. फुटबॉल टीममध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट होता येईल का? फी माफ होते असं ऐकलं. – एक विद्यार्थी

उत्तर : होता येतं, आणि फी माफीही बऱ्याच ठिकाणी असते. पण बाळा, सत्र चालू असताना एफ-१ वर कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तासच काम करता येतं. कागदावर ग्रॅज्युएट असिस्टंटचं काम २० तासांचंच दाखवतात, पण हंगामात मॅचच्या फिल्म कापत बसणारी पोरं पहाटे येऊन मध्यरात्री जाताना मी पाहिली आहेत. इथल्या नागरिक पोराला ते चालून जातं, तुझा व्हिसा जाईल. सही करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा, कोचला घेऊन जा, आणि जादा तास घेणार नाही हे त्याच्याकडून ईमेलवर लिहून घे. त्यानं टाळाटाळ केली तर जिममध्ये किंवा वाचनालयात काम बघ, तिथे तास मोजले जातात.