विल्यम्सचे ११ चेंडू

प्रश्न : माझ्या नातवाशी परवा वाद झाला. तो म्हणतो, ‘आजोबा, फिक्सिंगमध्ये नाव आलं म्हणून काही बिघडत नाही. बंदी संपली की सगळे परत खेळतात. गिब्ज नाही का खेळला?’ २००० सालचा नागपूरचा भारत-दक्षिण आफ्रिका सामना तुम्ही मैदानावर बसून पाहिला होता, असं तुम्ही मागे लिहिलं होतंत. त्या प्रकरणातल्या लोकांचं पुढे काय झालं?
– एक वाचक, परतवाडा

उत्तर : काका, नातू अर्धा बरोबर बोलतोय. गिब्ज खेळला, आणि झकास खेळला. पण त्याच सामन्यासाठी आणखी एकाला तेवढ्याच महिन्यांची बंदी झाली होती. त्याचं नाव नातवाला विचारून बघा. मोबाइल न उघडता सांगितलं तर माझ्याकडून सावजीचं जेवण.

हो, मी होतो तिथे. सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान, रविवार, १९ मार्च २०००. बँकेची नोकरी पोटासाठी आणि स्कोअरिंग हौसेसाठी, असा तेव्हा माझा कारभार होता. त्या दिवशी तिकीट काढून प्रेक्षक म्हणून गेलो होतो, तरी वही आणि दोन टोकदार पेन्सिली पिशवीत होत्याच. मालिका आपण आधीच जिंकलेली, त्यामुळे लोक निवांत. डोक्यावर ओला रुमाल, हातात संत्री.

दक्षिण आफ्रिकेने ३२० कुटल्या. त्यात हर्शेल गिब्जच्या ५३ चेंडूंत ७४. मग आपली फलंदाजी. हेन्री विल्यम्स नावाचा मध्यमगती गोलंदाज आला, एक षटक टाकलं, दुसऱ्यातले पाच चेंडू टाकले आणि खांदा धरून निघून गेला. त्याचं षटक दुसऱ्याने पुरं केलं. असं झालं की स्कोअरर वैतागतो, कारण षटकाचा चौकोन एक आणि गोलंदाज दोन. विल्यम्सच्या ओळीत मी पाच नोंदी केल्या, सहाव्याच्या जागी आडवी रेघ मारली आणि बाजूला बारीक अक्षरात ‘खांदा’ लिहिलं. सचिनच्या ९३ होऊनही आपण १० धावांनी हरलो. चरफडत घरी आलो, विषय संपला.

पाडव्यानंतर दोनच दिवसांनी, ७ एप्रिलला, दिल्ली पोलिसांनी बॉम्ब टाकला : दक्षिण आफ्रिकेचा कप्तान हॅन्सी क्रोनिए याचं बुकीशी, म्हणजे सट्टेवाल्याशी, फोनवर झालेलं बोलणं त्यांनी ध्वनिमुद्रित केलं होतं. क्रोनिएने आधी कानांवर हात ठेवले, चारच दिवसांनी कबुली दिली. जूनमध्ये केपटाउनला, चौकशीसाठी नेमलेल्या किंग आयोगापुढे सगळं बाहेर आलं. नागपूरला गिब्जने २०च्या आत बाद व्हायचं, विल्यम्सने १० षटकांत ५०च्या वर धावा द्यायच्या, प्रत्येकी १५ हजार डॉलर. दोघं कप्तानाला ‘हो’ म्हणाले होते.

आता गंमत बघा. गिब्जने ७४ मारल्या. विल्यम्सने टाकले ११ चेंडू. एवढ्यात ५० धावा द्यायच्या तर गल्लीतल्या पोरालाही कष्ट पडतील. म्हणजे ठरलेलं काम दोघांनीही केलं नाही. हे बाहेर आलं त्या रात्री मी वही काढून, दिव्याखाली धरून, पानन् पान तपासलं. काही म्हणजे काही सापडलं नाही. सगळ्या नोंदी खऱ्या, बेरजा जुळलेल्या. तेव्हा मला कळलं की गुन्हा त्या पानावर नव्हताच, तो आधीच हॉटेलच्या खोलीत होऊन गेला होता. शिक्षा झाली ती ‘हो’ म्हटल्याची. सहा-सहा महिने बंदी, गिब्जला ६० हजार रँड दंड, विल्यम्सला १० हजार.

कागदावर विल्यम्स स्वस्तात सुटला. प्रत्यक्षात गिब्ज बंदी संपताच, नव्या वर्षी संघात परत. पुढे २००६ला जोहान्सबर्गमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ४३४ धावांचा पाठलाग करताना त्याच्या १७५, २००७च्या विश्वचषकात एका षटकात सहा षटकार, एकूण ९० कसोटी आणि २४८ एकदिवसीय. भारतात यायला मात्र तो बरीच वर्षं कचरत होता. २००६च्या चॅम्पियन्स ट्रॉफीला आला तेव्हा दिल्ली पोलिसांनी बसवून चौकशी केलीच. आणि विल्यम्स? कारकिर्दीत सात एकदिवसीय सामने. बंदीनंतर एकही नाही.

का? नागपूरला गिब्ज २६ वर्षांचा होता, विल्यम्स ३२ वर्षांचा. गिब्जसारखा सलामीचा फलंदाज रस्त्यावर मिळत नाही, म्हणून निवड समितीने सहा महिने त्याची जागा राखली. विल्यम्ससारखे गोलंदाज तिकडे रांगेत उभे होते. तो हलला आणि रांग पुढे सरकली. बंदी सहा महिन्यांचीच होती हो, पण तिने विल्यम्सला न खेळवण्याचं एक सोयीचं कारण कायमचं दिलं. मला त्या प्रकरणात सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं, आणि त्याच्याबद्दलच कुणी बोलत नाही. क्रोनिएवर आजन्म बंदी आली. १ जून २००२ला विमान अपघातात तो गेला, वय ३२.

आपल्याकडचं थोडक्यात सांगतो. ५ डिसेंबर २०००ला भारतीय क्रिकेट मंडळाने महंमद अझरुद्दीन आणि अजय शर्मा यांच्यावर आजन्म, अजय जडेजा आणि मनोज प्रभाकर यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. (प्रभाकर म्हणजे तोच, दुसऱ्यांवर आरोप करत छुपा कॅमेरा घेऊन फिरणारा. देवाला विनोद कळतो.) अझरची शेवटची कसोटी मार्च २०००मधली, बंगळूरची, तिच्यात त्याने १०२ केल्या. ती त्याची ९९वी. शंभरावी आली नाही. २०१२ला आंध्र उच्च न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. पण तोवर तो खासदार झालेला, पुढे हैदराबाद क्रिकेट संघटनेचा अध्यक्ष, २०२५ला तेलंगणात मंत्री झाला. जडेजाला दिल्ली उच्च न्यायालयाने २००३च्या जानेवारीतच मोकळं केलं, पण सहाव्या-सातव्या क्रमांकावर तोवर युवराज आणि कैफ बसले होते. शेवटच्या एकदिवसीय सामन्यात पाकिस्तानविरुद्ध ९३ करणारा माणूस, वय २९. भारताकडून पुन्हा खेळला नाही. मग टीव्हीवर आला, २०२३ला अफगाणिस्तानच्या संघाबरोबर दिसला. अजय शर्मा २०१४ला न्यायालयातून सुटला. प्रथम श्रेणीत १० हजारांवर धावा, सरासरी ६७च्या वर. इतकं असून नातवाला हेही नाव माहीत नसेल.

*

प्रश्न : आयपीएलमधल्या राजस्थान रॉयल्सच्या स्पॉट फिक्सिंग प्रकरणात श्रीशांत आणि आपला अंकित चव्हाण यांना न्यायालयाने २०१५ मध्येच आरोपमुक्त केलं. तरी बंदी चालूच राहिली. हा अन्याय नाही का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचा राग समजतो, पण इथे दोन वेगळी दुकानं आहेत. पोलिसांनी मे २०१३मध्ये तिघांना (तिसरा अजित चंडिला) पकडून मकोका लावला. तो कायदा संघटित गुन्हेगारीसाठी आहे. २५ जुलै २०१५ला दिल्लीच्या पतियाळा हाउस न्यायालयाने म्हटलं, खटला उभा राहण्याइतका पुरावा नाही. मंडळाची चौकशी मात्र स्वतःच्या नियमांवर चालते आणि तिला तितका कडक पुरावा लागत नाही. बँकेत आमच्या डोळ्यांदेखत एक सहकारी कोर्टातून निर्दोष सुटला, पण खातेनिहाय चौकशीत नोकरी गेली ती गेलीच. तसंच हे.

शिक्षेच्या मापाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. १३ सप्टेंबर २०१३ला श्रीशांत आणि चव्हाण दोघांना आजन्म बंदी, म्हणजे फाशीच्या खालोखाल जे असतं ते. श्रीशांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९च्या मार्चमध्ये न्यायालयाने शिक्षा किती द्यायची याचा फेरविचार करायला सांगितलं आणि ती सात वर्षांवर आली. श्रीशांत २०२१ला केरळकडून उतरला, विकेट काढली, खेळपट्टीला हात जोडले. ते पाहून मी चहा खाली ठेवला होता. पुढच्या वर्षी निवृत्त.

चव्हाणलाही सात वर्षांचाच हिशेब लागला, पण बंदी संपल्याचं मंडळाचं पत्र हातात पडायला २०२१चा जून उजाडला. पकडला तेव्हा २७ वर्षांचा होता, पत्र आलं तेव्हा ३५. त्याने २०१२-१३च्या मोसमात मुंबईकडून एका डावात २३ धावांत ९ बळी घेतले होते. डावखुऱ्या फिरकीपटूची समज याच आठ वर्षांत पिकते हो! ती वर्षं कुठल्या पत्राने परत यायची?

हरमीत सिंगचंही सांगतो. मुंबईचाच, डावखुराच. त्या प्रकरणात त्याचंही नाव उडालं, चौकशीत काही निघालं नाही, शिक्षा शून्य. शेवटी तो अमेरिकेला गेला आणि २०२४च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात अमेरिकेकडून खेळला. केवळ त्या बालंटामुळे गेला, असं मी म्हणणार नाही. मुंबईत फिरकीपटूंची गर्दी कायमचीच. पण मुंबईच्या गर्दीत एवढंसं कारणही पुरतं.

*

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा आहे, ऑफस्पिन टाकतो. आमच्याकडच्या एका ट्वेंटी-२० स्पर्धेत कुणी ‘चाहता’ म्हणून त्याला महागडे स्पाइक्स दिले. आता तोच माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो, उद्या अकरा जणांत कोण कोण आहे, विकेट कशी आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, मी उत्तरच देत नाही, मग कशाला कुणाला सांगायचं?’ काय करू?
– एक आई, वर्धा

उत्तर : ताई, हे उत्तर अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच. इतर आयांसाठी इथे लिहितो.

नुसतं गप्प राहणं हाही गुन्हा आहे. त्याच २०१३च्या प्रकरणात राजस्थानच्याच सिद्धार्थ त्रिवेदीने फिक्सिंग केलं असं नव्हतं. बुकी भेटल्याचं कळवलं नाही म्हणून एक वर्ष बंदी. बांगलादेशचा शाकिब अल हसन तर जगातला अव्वल अष्टपैलू, त्यालाही २०१९ला तेवढ्याच कारणावरून दोन वर्षं, त्यातलं एक स्थगित. शाकिब वर्षभराने परत आला, कारण तो शाकिब होता. तुमच्या मुलाची जागा वर्धेत कुणी वर्षभर राखून ठेवणार नाही.

तेव्हा त्या माणसाचे मेसेज पुसू नका आणि त्याला शिव्याही देऊ नका. मुलाला शेजारी बसवून आजच प्रशिक्षकांना सगळं दाखवा, आणि मग दोघांच्या सहीचा तारीख घातलेला अर्ज जिल्हा संघटनेकडे द्या. एका प्रतीवर पोच घ्या. अर्ज घ्यायला कुणी का-कू केलं तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. स्पाइक्स प्रशिक्षकांच्या समोर, त्यांच्याच हाती परत करायचे. मुलाने ते घातलेत, टाचेला माती लागलीय, म्हणून लाज वाटते असं तुम्ही म्हणालात. धुवायच्या भानगडीत पडू नका, आहेत तसे पिशवीत घाला. आणि त्याला दुसरे स्पाइक्स सामन्याआधी घेऊन द्या, साधे चालतील. ऑफस्पिनरला धावायचंय किती!