विडंबन नियमात हवे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा खेळाचा आराखडा, दोन्ही काळजीपूर्वक वाचले. मोबाइलवरच्या लोकप्रिय शेती-खेळांचे विडंबन करून अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे जिणे लोकांपुढे मांडावे, ही तुझी कल्पना मला मनापासून आवडली. मात्र आराखड्याचा बराचसा भाग रक्ताचे डाग, रडणारी कोंबडी आणि राक्षसासारखा दिसणारा पोल्ट्रीमालक यांच्या वर्णनाने व्यापला आहे, आणि खेळाडूने नेमके करायचे काय, हे शेवटी घाईघाईने उरकले आहे. हा क्रम तू उलटा करावास, असे मला वाटते. खेळात जे पटते ते चित्रांमुळे क्वचितच पटते. खेळाडूला स्वतःच्या बोटांनी जे करावे लागते आणि त्याचे जे परिणाम सोसावे लागतात, त्यातून ते पटते.

या क्षेत्रात सर्वांत ठळक काम ‘पेटा’ या अमेरिकन प्राणिहक्क संघटनेने केले आहे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरोघरी टर्की शिजते. २००८ साली त्या सणाच्या तोंडावर पेटाने ‘कुकिंग मामा’ या स्वयंपाकाच्या खेळाचे विडंबन प्रसिद्ध केले. मूळ खेळात खेळाडू पडद्यावर चिरतो, ढवळतो, परततो आणि मामा, म्हणजे खेळातली आई, त्याला शाबासकी देते. विडंबनात तेच हात आधी टर्कीची पिसे उपटतात आणि मग तिच्या पोटातली आतडी ओढून बाहेर काढतात. रक्त इथेही भरपूर आहे, तरीही पेटाच्या खेळांत मला हाच सर्वांत सरस वाटतो. स्वयंपाकाचा खेळ एकेक पायरी करत पुढे जातो आणि त्यात मांस नेहमी स्वच्छ होऊन ताटलीत आलेले असते. मूळ खेळाने गाळलेल्या पायऱ्या पेटाने त्याच्याच पद्धतीने खेळाडूकडून करून घेतल्या, त्यामुळे टीका बाहेरून चिकटवल्यासारखी वाटत नाही. मूळ खेळाच्या कंपनीने मामाच्याच तोंडी गमतीशीर उत्तर घालून आपल्या खेळात शाकाहारी पदार्थही बरेच आहेत असे सांगितले खरे, पण गाळलेल्या पायऱ्यांबद्दल त्या उत्तरात काही नव्हते.

पुढच्या खेळांत ही पकड सुटत गेली. २०१० मध्ये ‘सुपर मीट बॉय’वर ‘सुपर टोफू बॉय’ आला (टोफू म्हणजे सोयाबीनचे पनीर). मूळ खेळ एडमंड मॅकमिलन आणि टॉमी रेफेनेस या दोघांचा. त्यांचा नायक म्हणजे खाण्याचे मांस नव्हे, तो कातडी नसलेला मुलगा आहे, असे त्यांनी सांगितले. विडंबनाचे हसून स्वागत केले. आणि टोफू बॉयला आपल्याच खेळात पात्र म्हणून घेतले, तेही इतके मंद आणि दुबळे की त्याच्याने धड उडीही मारवत नाही. २०११ मध्ये निंतेंदो कंपनीच्या मारिओ या खेळनायकाच्या तानुकी पोशाखावर खेळ निघाला (तानुकी म्हणजे जपानमधला रॅकून डॉग हा प्राणी), त्यात कातडी सोललेला तानुकी मारिओच्या मागे धावतो. फरसाठी रॅकून डॉगची होणारी कत्तल हा खरा आणि अतिशय गंभीर प्रश्न आहे. पण मारिओला ते रूप कातडी पांघरून मिळत नाही, ते पानातून मिळते, कारण जपानी लोककथांतला तानुकी डोक्यावर पान ठेवून रूप पालटतो. मारिओच्या रूपांतरांतून खेळाबाहेरचे कोणतेही विधान करायचे नाही, एवढेच निंतेंदोने म्हटले, आणि आपण गमतीने बोललो होतो असे पेटाला सांगावे लागले. ज्या प्राण्यासाठी हा खटाटोप केला, तो चर्चेतून केव्हाच बाहेर पडला होता.

पोकेमॉनच्या विडंबनाविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तुझ्या आराखड्यात नेमका तोच धोका दिसतो. २०१२ च्या त्या खेळात जखमी पिकाचू आणि त्याचे साथीदार आपल्या प्रशिक्षकांविरुद्ध बंड करतात. प्राण्यांना पकडून एकमेकांशी झुंजवणे योग्य आहे का, हा प्रश्न विचारण्याजोगा होताच. अडचण अशी की मूळ मालिकेने तो आधीच विचारला होता. जपानमध्ये २०१० साली आलेल्या ‘पोकेमॉन ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ या जोडखेळांत एन नावाचा तरुण पोकेमॉनना माणसांपासून मुक्त करू पाहतो, आणि त्याच्या तळमळीचा वापर दुसराच कोणीतरी सत्तेसाठी करून घेतो. ज्या मुलांनी ती कथा खेळली होती, त्यांना पेटाचा खेळ त्यांच्या स्वतःच्या विचारापेक्षा उथळ वाटला असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. शिवाय झुंजीला विरोध करणाऱ्या या खेळात खेळाडू सुरुवातीपासून शेवटपर्यंत झुंजच खेळतो. फक्त मार खाणारा बदलतो. मराठीत विडंबनकवितेची मोठी परंपरा आहे आणि तिथेही मूळ कवितेचे वृत्त, लकबी आणि आवडते शब्द ज्याला तोंडपाठ आहेत त्याचेच विडंबन टिकते. तू ज्या शेती-खेळांवर टीका करणार आहेस ते आधी पुष्कळ खेळ, आणि ते आवडणाऱ्या माणसांना त्यांत नेमके काय आवडते हे समजून घे.

आता ज्या खेळाकडून तू सर्वाधिक शिकावेस असे मला वाटते, तो प्राणिहक्क संघटनेचा नाही. पाओलो पेडेर्चिनी या इटालियन कलाकाराच्या ‘मोलेइंडुस्ट्रिया’ या खेळ-प्रकल्पाने २००६ मध्ये मॅकडॉनल्ड्सवर विडंबन-खेळ केला. त्यात खेळाडू दक्षिण अमेरिकेतली कुरणे व सोयाबीनची शेते, गुरांचा गोठा, उपाहारगृह आणि मुख्य कचेरी अशा चारही जागा सांभाळतो. प्रामाणिकपणे धंदा करायला बसलेला खेळाडू थोड्याच वेळात तोट्यात जातो. मग जंगल तोडणे, गुरांना नको ते खाऊ घालणे, अधिकाऱ्यांचे हात ओले करणे हे सगळे तो आपणहून करू लागतो. क्रौर्य हे एखाद्या दुष्ट माणसाच्या स्वभावातून येते असे तो खेळ कुठेच म्हणत नाही. दर, खर्च आणि स्पर्धा यांची मांडणीच अशी आहे की त्यात सज्जन माणूसही तिकडेच ढकलला जातो, हे खेळाडूला अनुभवाने कळते.

तुझ्या विषयाला ही पद्धत फार जवळची आहे. शेती-खेळात कोंबडीवर बोट ठेवले की अंडे मिळते आणि नाणी खुळखुळतात; तिचे वय वाढत नाही, ती आजारी पडत नाही, आणि तिला भाऊ नसतात. या गाळलेल्या गोष्टी तुझ्या खेळाचे नियम व्हायला हव्यात. अंडी उबवून पिल्ले बाहेर आली की त्यांतली साधारण निम्मी नर असतात. ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही पुरेशी भराभर वाढत नाहीत, म्हणून जन्मतःच मारली जातात. ही निवड खेळाडूच्या हाती दे. पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा येते. खेळाडूला पिंजरे विकत घेऊ दे, आणि जागा वाढवली की कोंबड्यांची संख्या घटून हिशेब कसा कोलमडतो ते पाहू दे. दाटीमुळे त्या एकमेकींना टोचू लागल्या की चोची छाटायच्या का, हे त्यालाच ठरवू दे. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी कोंबडी दीडेक वर्षात कमी अंडी देऊ लागली की तिचे काय करायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे शांतपणे, कोणत्याही किंकाळीशिवाय येऊ दे.

आणि तो पोल्ट्रीमालक! त्याला राक्षस करू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे. महाराष्ट्रातला पोल्ट्रीवाला मका आणि सोयापेंडीच्या भावाने मेटाकुटीस आलेला असतो, आणि अंड्याचा भाव त्याच्या हातात नसतो. पुण्यात मुख्यालय असलेली एनईसीसी, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, रोजचा दर जाहीर करते. तुझ्या खेळात दररोज सकाळी पडद्यावर तो दर येऊ दे, खाद्याचा भावही येऊ दे, आणि मग खेळाडूला विचार की आता पिंजरा मोठा करशील का. असा खेळ पोल्ट्रीवाल्याच्या मुलाच्या हाती पडला तर तो अपमान झाला म्हणून बंद करणार नाही, शेवटपर्यंत खेळेल. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांना ठेवण्याच्या आणि त्यांच्या वाहतुकीच्या नियमांचा मसुदा सुचवला होता. तो मिळवून वाच. काय बदलता येईल याचे ठोस उत्तर खेळाच्या शेवटी द्यायचे असेल, तर त्याची सुरुवात तिथून करता येईल.

तू कायद्याबद्दल विचारले आहेस. आपल्याकडे या विषयावरचा महत्त्वाचा दाखला कासवांचा आहे. ओडिशातल्या गहिरमाथा किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने अंडी घालायला येतात. जवळच्या, तेव्हा टाटांची भागीदारी असलेल्या धामरा बंदराला विरोध करण्यासाठी ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने २०१० मध्ये पॅकमॅनच्या धर्तीवर एक खेळ केला. त्यात कासव चक्रव्यूहातून पळते आणि टाटांचे बोधचिन्ह धारण केलेली भुते त्याचा पाठलाग करतात. टाटांनी दिल्ली उच्च न्यायालयात बदनामी आणि व्यापारचिन्हाच्या गैरवापराचा दावा लावून दहा कोटी रुपयांची भरपाई मागितली. २८ जानेवारी २०११ रोजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई हुकूम नाकारला. अशी मनाई केली तर बंदराच्या परिणामांवरची सार्वजनिक चर्चाच गोठून जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. हा निकाल वाचताना मला आजही बळ मिळते. पण तो अंतरिम अर्जावरचा होता, हे विसरू नकोस. दुसऱ्याची पात्रे आणि चित्रे उचलू नकोस, बोधचिन्ह वापरण्याआधी वकिलाचा सल्ला घे, आणि खेळातल्या प्रत्येक आकड्याचा आधार हाताशी ठेव.

खेळ म्हणून मात्र त्या कासवाच्या खेळाने मोठी संधी गमावली, असे माझे मत आहे. अंड्यातून निघालेली पिल्ले जिकडे उजेड दिसतो तिकडे धावतात. किनाऱ्यावर दिवे लागले की ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. पिल्ले खेळाडूचे ऐकतच नाहीत, दिव्यांचे ऐकतात, एवढा एक नियम केला असता तर बंदर आणि कासव यांचे नाते पाठलागापेक्षा कितीतरी स्पष्ट झाले असते. वेळासला किंवा कोकणातल्या दुसऱ्या एखाद्या गावी कासवांची घरटी राखणाऱ्यांसाठी कोणी खेळ करणार असेल, तर त्याला हे जरूर सांग.

बैलगाडा शर्यतीवर दुसरा खेळ करण्याचा तुझा विचार सध्या बाजूला ठेव. २०१४ ची बंदी आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांच्या कायद्यांना दिलेली मान्यता यांदरम्यान त्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी इतके उघड आणि इतके कडवट बोलले गेले आहे की तिथे विडंबनाने उघडकीस आणण्यासारखे फारसे उरलेले नाही. आणि आपल्या बैलावर जीव टाकणाऱ्या माणसाची टिंगल झाली तर तो पुढचे काहीच ऐकणार नाही.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. त्या काळचे असे अनेक खेळ फ्लॅश या जुन्या तंत्रात बांधलेले होते आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार संपल्यावर ते ब्राउझरमध्ये चालेनासे झाले. तू आजच्या ब्राउझरांत थेट चालणाऱ्या एचटीएमएल-फाइव्हमध्ये बांध, साध्या मोबाइलवर आणि मंद इंटरनेटवर चालेल इतका हलका ठेव, आणि मराठी हीच त्याची पहिली भाषा असू दे. चित्रे काढायला इतक्यात बसू नकोस. दर, खाद्य, पिंजरे आणि नर पिल्ले एवढे चार नियम चालू झाले की नुसत्या चौकोनांचा कच्चा खेळ मला पाठव, आणि माझ्याआधी तो शेती-खेळ आवडणाऱ्या दोघांना व एखाद्या पोल्ट्रीवाल्याला खेळायला दे. ते कुठे थांबले आणि कुठे चिडले, ते लिहून ठेव. त्यावर आपण सविस्तर बोलू.

तुझा स्नेहांकित