"एपिड्युरल मिळतं का" असं विचारू नकोस, रात्री अडीचला कोण देणार ते विचार

अगं तुझं वाचलं आणि एकदम २०१९ चा जुलै आठवला. तुझा ३३ वा आठवडा, पुढच्या महिन्यात माहेरी जाणार, एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत नळीने देतात ते भुलेचं औषध) मिळेल का म्हणून तिथल्या हॉस्पिटलला फोन केलास तर "हो हो, पेनलेस करतो की आम्ही, या तुम्ही" म्हणाले, आणि आता तुझ्या डोक्यात फक्त सासूबाईंचं "पाठ जन्माची जाते" एवढंच उरलंय. मला पाठीची नाही, त्या "करतो की"ची काळजी वाटतेय. माझ्याशीही डिट्टो हेच बोलले होते. (अगंतुगं करतेय, चालवून घे. आणि मी डॉक्टर नाही, बँकेत काऊंटरला बसते. दोन बाळंतपणं झालीत, एक एपिड्युरलशिवाय, एक एपिड्युरल घेऊन, तेवढ्याच भांडवलावर बोलतेय.)

सुई कुठे टोचतात, नळी कशी राहते वगैरे तू वाचलेलं दिसतंय, त्यात जात नाही.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, तालुक्याचं गाव. हॉस्पिटलच्या दारावरच मोठा बोर्ड, "वेदनारहित प्रसूती", शेजारी हसणाऱ्या गोऱ्या बाईचा फोटो. मी रिसेप्शनला विचारलं, डॉक्टर मॅडमना विचारलं, दोघींनी हो म्हटलं. खोटं कोणीच बोललं नाही, हे आता कळतं. पण अशा गावात भूलतज्ज्ञ त्या हॉस्पिटलचे नसतात गं. गावात मिळून दोघं, आणि तेच सगळ्या नर्सिंग होमना फिरतात, इकडे सिझर, तिकडे हर्निया, मग कोणाचं तरी मांडीचं हाड. बोलावलं की येतात. आणि एपिड्युरल म्हणजे टोचलं आणि निघालं असं नसतं, बीपी बघत राहावं लागतं, डोस वाढवावा लागतो, बाळ होईपर्यंत कोणीतरी जबाबदार माणूस हाताशी लागतो. शनिवारी रात्री एका बाईसाठी हे कोण करणार, हा प्रश्न मला सुचलाच नाही.

शनिवारीच रात्री अकराला पाणी गेलं. साडेबाराला ॲडमिट, एकच्या सुमारास मी सिस्टरना म्हटलं मला एपिड्युरल हवंय. सिस्टर चांगल्या होत्या, लगेच फोनाकडे गेल्या, पण खालच्या डेस्कवरचा माणूस म्हणाला आधी पॅकेजचं डिपॉझिट, मग सरांना, म्हणजे भूलतज्ज्ञांना, कॉल. कार्डाचं मशीन बंद. बाबा धो धो पावसात एटीएम शोधत गेले, पहिल्यात कॅश नाही, दुसरं स्टँडजवळ. पैसे भरेस्तोवर दोन वाजत आले आणि तोवर सर दुसरीकडे सिझरला उभे राहिलेले. ते आले तीन वाजून वीस मिनिटांनी, अंगावर ओला रेनकोट तसाच. मला वाटलं सुटले. त्यांनी फाइल उघडली आणि पहिलाच प्रश्न, "प्लेटलेट्स कधीच्या आहेत?"

तर इथे माझी चूक. २८ व्या आठवड्यात माझ्या प्लेटलेट्स (रक्त गोठायला लागतात त्या पेशी) १,४२,००० होत्या, ३२ व्याला १,२१,०००. पुण्यातल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, ३६ व्या आठवड्यात सीबीसी (प्लेटलेट्स मोजायची रक्ततपासणी) परत करा. मी ३४ व्याला माहेरी गेले, डोहाळजेवण, पाहुणे, आणि दोन कळा आल्या की आई म्हणायची आता कुठे जाऊ नकोस, राहूनच गेलं. त्रास काहीच नव्हता ना. दोन-तीनशे रुपयांची टेस्ट.

सर म्हणाले आकडा उतरत चाललाय, आजचा कळल्याशिवाय मी पाठीत सुई घालणार नाही, आत रक्त साकळलं तर पाय लुळे पडतील. लॅब बाहेरची, मुलगा सकाळी सातला यायचा. मी दोन कळांच्या मधे त्यांना काय काय बोलले देव जाणे, नवरा म्हणतो तू त्यांना "तुम्ही बाई असतात तर" अशी सुरुवात करून पुढचं वाक्य पाच वेळा अर्धवट सोडलंस. ते शांतपणे उभे राहिले, मग सिस्टरना काहीतरी इंजेक्शन सांगून गेले. त्याने गुंगी आली, कळा तशाच. ५.४० ला मुलगी झाली. साडेआठला रिपोर्ट आला, १,१६,०००. बहुतेक भूलतज्ज्ञ ७०-८० हजारांच्या वर आकडा असेल आणि भराभर पडत नसेल तर एपिड्युरल देतात, काही जण १ लाख म्हणतात. म्हणजे कोणत्याही हिशोबाने मी पास होते. तो कागद हातात घेऊन मी किती रडले ते आईला अजून वाटतं आनंदाचे अश्रू होते.

त्या सरांवर माझा राग नाही, त्यांचं बरोबरच होतं. राग आहे तो डेस्कवर. डिस्चार्जच्या बिलात "एपिड्युरल पॅकेज ९,०००". मी म्हटलं दिलंच नाही तर कसलं पॅकेज? तर म्हणे सर येऊन गेले ना. अहो येऊन "नाही" म्हणून गेले! मग कुठल्यातरी दुसऱ्या माणसाला विचारून ३,५०० व्हिजिट चार्ज ठेवला आणि बाकीचे वळते केले, तेही टाके घातलेल्या अवस्थेत मला पाऊण तास बाकड्यावर बसवून. मी रोज काऊंटरच्या आतल्या बाजूला असते, चुकीची एंट्री फिरवायला किती वेळ लागतो मला माहितीये, म्हणून जास्त संताप. नंतर लेखी तक्रार दिली, त्याची पोचसुद्धा नाही आली. असो, विषय सोडते नाहीतर इथेच अडकेन.

मुद्दा हा की भूलतज्ज्ञांना मी आधी भेटलेच नव्हते. भेटले असते तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं, बाई ती टेस्ट करून ये. गायनॅक मॅडम "हो" म्हणाल्या की आपण सगळं ठरलं असं धरतो, पण सुई त्या घालत नाहीत, दुसराच माणूस घालतो आणि त्याला आपण पहिल्यांदा बघतो ते रात्री तीन वाजता. तर माहेरी पोचलीस की पहिल्या आठवड्यात त्यांना भेट. हॉस्पिटलवाले म्हणतील गरज नाही, तेव्हा बघू. तरी भेट, वेगळी फी दे हवी तर. पाठीचं ऑपरेशन, मणक्याचा काही त्रास, आधी कधी भूल घेऊन त्रास झाला असेल तर ते तेव्हाच सांग. रक्त पातळ करणारी हेपारिनची इंजेक्शनं चालू असतील तर ते तर आधी सांग, कारण शेवटच्या डोसनंतर साधारण १२ तास जावे लागतात, मोठा डोस असेल तर २४. ॲस्पिरिनच्या छोट्या गोळीचा सहसा प्रश्न नसतो, पण तीही सांग. आणि सरळ तोंडावर विचार, शनिवारी रात्री अडीचला मी आले तर कोण येणार, किती वेळात, दिल्यावर जवळ कोण थांबणार, आणि गेल्या महिन्यात अशी किती दिलीत. या शेवटच्या प्रश्नाला जर "लागलं तर देतो" असं काहीतरी आलं ना, तर मी तरी तो बोर्ड विसरून जाईन. हे माझं मत, कोणाला पटणार नाही. आमच्या घरातच पटत नाही. बाळंतपण माहेरीच ही रीत मोडून दुसऱ्या वेळी मी पुण्यातच थांबले तर आई महिनाभर नीट बोलत नव्हती, आणि मग स्वतःच डिंकाचे लाडू घेऊन आली.

डिपॉझिट आधीच भरून पावती फाइलला लाव. कन्सेंटचा कागद दिवसा वाचून ठेव, कळा चालू असताना तिथे अक्षरं दिसत नाहीत.

आता दुसरं, २०२३, पुणे. तिथे भूलतज्ज्ञ चोवीस तास आतच. मला बेडच्या कडेला बसवलं, पोटाशी उशी दिली, मॅडम म्हणाल्या कोलंबी बघितलीये ना, तशी वाका. एवढं पोट घेऊन कोलंबी! कळ आली की थांबायच्या, गेली की पुढे. आधीच्या भुलेची सुई चुरचुरते, नंतर नुसता दाब जाणवतो आणि एकदा डाव्या पायात वीज गेल्यासारखं झालं, ते सांगायचं लगेच. मग वीस मिनिटांनी स्पिरिटचा बोळा पोटावरून फिरवत "थंड लागतंय?" डावीकडे काही नाही, उजवीकडे गार. म्हणजे अर्ध्या अंगाला कळ येतेय आणि अर्ध्याला नाही, इतकं विचित्र ना. असं होतं कधीकधी. गप्प बसायचं नाही, सांगायचं. त्यांनी नळी थोडी मागे ओढली, मला उजव्या कुशीवर केलं, अजून डोस दिला आणि दहा-पंधरा मिनिटांत मी नवऱ्याला विचारत होते, मोठीने डबा खाल्ला का.

नाकाला प्रचंड खाज सुटते (त्यात फेंटानिल नावाचं वेदनाशामक असतं त्याने), थंडी वाजून दात वाजले, लघवीला नळी लागली, पाय जड झाले पण हलत होते. जोर लावायच्या वेळी नुसता दाब कळायचा, सिस्टर पोटावर हात ठेवून "आली, आता" म्हणायच्या. वेळ थोडा जास्त लागला, ते लागतंच म्हणतात. खर्च मला १४ हजार आला, पॅकेजच्या बाहेर. विमा कंपनीला लेखी विचार. फोनवरचं "कव्हर्ड आहे मॅडम" मी स्वतः बँकेत असूनही मोजत नाही.

तुझ्या आत्याने सांगितलंय ना, एपिड्युरल घेतलं की सिझर होतंच. तसं नाही. २०१८ चा कोक्रेन रिव्ह्यू (बऱ्याच चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष) आहे, ४० चाचण्या, ११ हजारांवर बायका, त्यात सिझर वाढलेलं दिसत नाही आणि पाठीचं जुनाट दुखणंही वाढलेलं दिसत नाही. जुन्या अभ्यासांत चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायचं प्रमाण जास्त होतं, २००५ नंतरच्यांत तेही नाही, कारण आता औषध पातळ देतात. आणि सासूबाईंना जी "पाठीतली सुई" माहितीये ती बहुतेक सिझरच्या वेळची स्पायनल, ती वेगळी. माझं सांगायचं तर पहिल्या वेळी सुई न घेता माझी पाठ पाच महिने दुखली, दुसऱ्या वेळी घेऊन तीन. मांडी घालून वाकून पाजत बसलं की दुखणारच. उशी घे पाजताना, खरंच. सासूबाईंशी वाद घालू नकोस मात्र, त्यांचं दुखणं खरं असतं, कारण कुठलंही असो.

डोकेदुखीचं मात्र खरं आहे आणि ते कोणी आधी सांगत नाही. शंभरात एखादीला सुई जरा पुढे जाते, मणक्यातलं पाणी झिरपतं आणि मग उठून बसलं की डोकं फुटतं, आडवं पडलं की थांबतं. माझ्या जावेला झालं. तीन दिवस वॉर्डात सगळे म्हणत होते झोप नाही झाली, पाणी प्या, कॉफी प्या. चौथ्या दिवशी भूलतज्ज्ञ आले, तिच्याच हातातून रक्त काढून पाठीत त्या जागी दिलं, ब्लड पॅच म्हणतात त्याला, आणि संध्याकाळी ती मांडी घालून चहा पीत होती. तर बसल्यावर दुखतं, झोपल्यावर नाही, असं झालं तर सिस्टरना "डोकं दुखतंय" एवढंच सांगू नकोस, "भूलतज्ज्ञांना बोलवा" असं सांग.

अजून एक, "चार सेंटिमीटर झाल्याशिवाय देत नाही" (म्हणजे गर्भाशयाचं तोंड तेवढं उघडल्याशिवाय) हे अजून बऱ्याच ठिकाणी ऐकवतात. कळा नीट सुरू झाल्या असतील आणि तुला सहन होत नसेल तर सेंटिमीटरवर अडायचं काही कारण नाही, आता तसा नियम धरत नाहीत. पण तुझ्या डॉक्टरांचं काही वेगळं कारण असेल, त्यांना विचार, माझं नाव सांगून भांडू नकोस.

नवऱ्याला आत घेतात का विचारलंस. हॉस्पिटलवर आहे, आधीच विचारून ठेव. माझ्या नवऱ्याला सुई घालताना बाहेर काढलं होतं आणि बरंच झालं, तो लॅबमध्ये रक्त देतानासुद्धा भिंतीकडे बघतो. परत आत आला तेव्हा शर्टाला वडापावची चटणी होती. मी ते बघून हसले, तेव्हा त्याला कळलं की औषध लागू झालंय.