पोस्ट बेसिक आधी की इंग्लंड आधी?

तू विचारलंस, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात आयसीयूत तीन वर्षं झालीत, तर आधी पोस्ट बेसिक (डिप्लोमावाल्यांची बीएस्सी डिग्री) करू की सरळ इंग्लंडच्या मागे लागू? आणि एएनएम (जीएनएमच्या खालचा कोर्स) झालेल्या मावसबहिणीचं काही जमेल का?

तिचं आधी सांगते, ते लवकर संपतं. एएनएमवर इथं इंग्लंडमध्ये रजिस्टर्ड नर्स होता येत नाही. केअर होममध्ये केअरर म्हणून यायची वाट होती, तीही जुलै २०२५ पासून बाहेरच्या नव्या लोकांना बंद झाली. अजूनही कोणी 'केअर व्हिसा करून देतो' म्हणत असेल तर चहा न पिता उठायचं. बारावी झाली असेल तर तिनं जीएनएमला प्रवेश घ्यावा. नाहीतर उपकेंद्राच्या भरतीवर लक्ष ठेवावं, सरकारी नोकरी काही वाईट नाही.

आता तुझं. मी स्वतः जीएनएमवरच आले. इथली एनएमसी, म्हणजे आपल्या नर्सिंग कौन्सिलसारखी संस्था, डिप्लोमावाल्यांची वेगळी आणि डिग्रीवाल्यांची वेगळी परीक्षा घेत नाही. सगळ्यांना तीच सीबीटी (संगणकावरची परीक्षा), तीच दहा स्टेशनांची ओस्की (प्रात्यक्षिक परीक्षा), आणि पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, हातात आला की सुरुवात बँड ५ या पगाराच्या पायरीवर. माझ्या बॅचला एक एमएस्सी झालेली होती, नाशिकमध्येच कॉलेजात सहा वर्षं ट्यूटर. तीही बँड ५. वर ओस्कीत पहिल्यांदा अडकली. औषधांच्या स्टेशनला डोस अचूक काढला, पण मनगटावरचा पट्टा न बघताच गोळी पुढे केली. आपल्याकडे 'सात नंबरची बीपीची गोळी दिली का गं?' एवढ्यावर वॉर्ड चालतो. इथं साध्या पॅरासिटामॉललाही नाव, जन्मतारीख, ॲलर्जी विचारायची, रोजचा पेशंट असला तरी. ही सवय आजपासून लाव. मैत्रिणी हसतील, हसू देत.

म्हणून माझं मत विचारशील तर पोस्ट बेसिकसाठी दोन वर्षं वॉर्ड सोडू नकोस. ताजा आयसीयूचा अनुभव ही तुझी खरी कमाई आहे, इंटरव्ह्यूत तेच विचारतात. डिग्री लागते ती पुढे. बँड ७ च्या किंवा प्रॅक्टिशनरच्या जागांना डिप्लोमा तोकडा पडतो. मी टॉप-अप डिग्री, म्हणजे डिप्लोमाची पुढे डिग्री करून घ्यायचा कोर्स, इथं नोकरी करता करता केली, नाइट ड्युटीनंतर डोळे चोळत. सौदीचा विचार असेल तर मात्र हिशेब उलटा. तिथं डिप्लोमावालीला टेक्निशियन धरतात, बीएस्सीवालीला स्पेशालिस्ट. तिथं जायचं तर पोस्ट बेसिक करूनच जा. जर्मनीत तिथल्या मुलींचं नर्सिंगच तीन वर्षांचं, त्यामुळे जीएनएम खाली पडत नाही, पण जर्मन भाषा बी-२ या पातळीपर्यंत नेताना घाम निघतो.

तुझी खरी अडचण इंग्रजी असेल, माझीही तीच होती. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या सर्वसाधारण परीक्षेपेक्षा ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दे. त्यात लिहायचं ते पेशंटचं रेफरल नाहीतर डिस्चार्ज लेटर, म्हणजे आपलाच विषय. लिहिण्यात सी-प्लस ग्रेड चालतो, बाकी ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत बी लागतो. आणि एक स्पष्ट सांगते, २०२२ साली मी आले तेव्हा ऑफर भराभर यायच्या, आता इथल्या हॉस्पिटलांनी हात आखडता घेतलाय. ऑफर लेटर येईपर्यंत राजीनामा टाकायचा नाही.

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला बसून इंग्लंड विकणारा तो एजंट साडेचार लाख मागतोय म्हणालीस. इथल्या भरतीच्या नियमावलीत नोकरी मिळवून देण्याचे पैसे नर्सकडून घ्यायला मनाई आहे. आपल्या सरकारनेही नोंदणीकृत एजंटाची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच ठरवलीय. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर टाकून बघ. परीक्षांचा खर्च वेगळा, तो पाठ करून ठेव. मी एकट्या ओस्कीचे ७९४ पौंड मोजले.

आज रात्री एक काम कर. दहावीची मार्कशीट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेव. माझं मार्कशीटवर आडनाव आधी, रजिस्ट्रेशनवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. या तिघी एकच बाई आहेत हे सिद्ध करण्यात माझे दोन महिने गेले.